डाळिंबाचा तेल्या आणि टी.वाय.चे प्रात्यक्षिक

सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. टी.वाय.बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात बॅक्टेरिओफाजचे, म्हणजे जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचे, पृथक्करण हे प्रात्यक्षिक पुष्कळ वर्षांपासून आहे आणि त्याची रीत ठरून गेलेली आहे. सांडपाण्याचा नमुना आणायचा, त्यात ई. कोलाय हा जीवाणू वाढवायचा, क्लोरोफॉर्म घालून जीवाणू मारायचे, वरच्या द्रवाची दुहेरी अगारच्या, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीच्या दोन थरांच्या, पद्धतीने प्लेट ओतायची आणि दुसऱ्या दिवशी जीवाणूंच्या सलग थरात पडलेली स्वच्छ वर्तुळे, म्हणजे प्लाक, मोजायची. या प्रात्यक्षिकाने हात बसतो, यात शंका नाही. परंतु सांडपाण्यात ई. कोलायचे फाज असतात हे पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले असते, त्यामुळे ज्या गटाच्या प्लेटवर काही दिसत नाही तो गट शेजाऱ्यांचे आकडे घेतो, आणि मागच्या बॅचकडून आलेल्या जर्नलवरून निष्कर्ष उतरवून सही घेतो. या विद्यार्थ्यांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. उत्तर एकच असेल आणि गुण त्या उत्तराला असतील, तर कोणीही हेच करील.

याच प्रात्यक्षिकाच्या तासांत, याच वर्गासाठी, ज्याचे उत्तर मलाही ठाऊक नाही असा प्रश्न आणता येईल का, हा विचार माझ्या मनात आला तो अमेरिकेतील एका उपक्रमाविषयी वाचताना. पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेच्या साहाय्याने हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटने 2008 साली ‘सी-फाजेस’ हा अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत सुरू केला. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आपापल्या परिसरातील माती आणतात, तिच्यातून फाज वेगळा करतात, त्याला नाव देतात, त्याचा डीएनए काढतात आणि पुढे त्याच्या जनुकांचे वाचन करतात. नवीन सापडलेला प्रत्येक फाज सर्वांना खुल्या असलेल्या माहितीसंग्रहात जातो. याच परंपरेतील एका अभ्यासक्रमात दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे 2010 साली एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यातून एक फाज मिळाला आणि त्याचे नाव ‘मडी’ ठेवले गेले. पुढे लंडनमध्ये फुप्फुसाच्या प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेससच्या संसर्गाने जर्जर झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तीन फाजांचे मिश्रण देण्यात आले, त्यात हा मडी होता. तिच्या प्रकृतीत मोठी सुधारणा झाली आणि हा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. मी ही हकीकत वर्गात दर वर्षी सांगते. प्रात्यक्षिकाच्या तासाला वेगळी केलेली वस्तू जगाच्या कामाची असू शकते, हे एवढ्या थेटपणे दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

तरीही तो अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलावा असे मला वाटले नाही. तिथे मुख्यतः मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा निरुपद्रवी जीवाणू वापरतात, आणि जनुकवाचनाची सोय त्या रचनेचा कणा आहे. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, आहे, एक लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेत निर्जंतुकपणे काम करण्याचे कपाट, आहे, एक शेकर आहे, साधा इन्क्युबेटर आहे. याच्या पलीकडचे काही गृहीत धरून वर्षभराचे काम आखणे योग्य नव्हते. शिवाय प्रश्न विद्यार्थ्यांना आपला वाटावा ही माझी मोठी अट होती, आणि आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांची आहेत. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंबावरचा तेल्या कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर तेलकट, पाणी शोषल्यासारखे डाग पडतात, ते काळे होतात, फळ तडकते आणि बाजारात त्याला भाव राहत नाही. मृग बहार धरला की पावसाळी हवेत हा रोग सर्वांत जास्त बोकाळतो. त्याला कारण झँथोमोनास जातीचा एक जीवाणू आहे, 1952 साली दिल्लीत त्याची पहिली नोंद झाली, आणि सोलापुरात 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाल्यापासून तिथे ज्या रोगांवर काम चालते त्यांत तेल्या महत्त्वाचा आहे. शेतकऱ्याच्या हातातील उपाय म्हणजे बागेची स्वच्छता आणि बोर्डो मिश्रणासारखी, म्हणजे मोरचूद-चुन्याची, ताम्रयुक्त फवारणी; स्ट्रेप्टोसायक्लिनसारखे प्रतिजैविकही पुष्कळ वर्षे वापरले गेले. प्रतिजैविकाच्या शेतातील वापराचे धोके तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नकोत.

म्हणून प्रश्न असा ठरला: आपल्या तालुक्यातील डाळिंबाच्या बागांमध्ये तेल्याच्या जीवाणूला मारणारे फाज आहेत का, आणि असल्यास ते कोणत्या बागेतील जीवाणूला मारतात व कोणत्या बागेतील जीवाणूला मारत नाहीत? झँथोमोनासच्या फाजांची कल्पना नवीन नाही. टोमॅटो व मिरचीवरील जीवाणूजन्य रोगांसाठी फाजांपासून केलेल्या एका फवारणीला अमेरिकेत 2005 साली सरकारी नोंदणी मिळालेली आहे. पण अमुक शिवारातील अमुक बागेत काय आहे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि मला तेवढेच हवे होते. दुसरी सोय अशी की हा जीवाणू वनस्पतीचा रोगकारक आहे, माणसाचा नाही, त्यामुळे पदवीच्या मुलांच्या हातात तो निर्धास्तपणे देता येतो. काळजी घ्यावी लागते ती बागांची. प्रत्येक नमुन्यानंतर कात्री आणि चपलांचे तळ सोडियम हायपोक्लोराइटने धुणे, आणि प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह करणे, हे दोन नियम आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले. आम्हीच एका बागेतून दुसऱ्या बागेत रोग नेला, असे होणे मला सहन झाले नसते.

अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा आहे, माझा नाही, हे लक्षात घेऊन मी अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवली आणि त्यातील प्रात्यक्षिके एकेक करून या प्रश्नाला जोडली. नमुन्यातून जीवाणू वेगळा करणे, ग्रॅम रंजन, जैवरासायनिक चाचण्या, वाढीचा आलेख, विरलीकरण आणि गणना, फाजांचे पृथक्करण, वनस्पतिरोगावरील प्रात्यक्षिक: हे सर्व आधीपासून यादीत होते, फक्त प्रत्येकाचा नमुना वेगळा आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. तेच आता एका धाग्यात आले. प्राचार्यांना मी लेखी टिपण दिले की यादीतील एकही प्रात्यक्षिक गाळलेले नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न फारसा अडला नाही. माझ्या मते आपल्याकडे हे काम करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने सुरुवात इथूनच करावी, कारण नवीन अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहत बसले तर हातातील बॅच निघून जाते.

खरी अडचण वेळापत्रकाची होती. ई. कोलाय रात्रीत वाढतो. तेल्याचा जीवाणू अठ्ठावीस अंशांच्या आसपास वाढतो आणि त्याच्या पिवळ्या, चकचकीत, बुळबुळीत वसाहती नीट दिसायला दोन ते तीन दिवस लागतात. सोमवारी ओतलेली प्लेट पुढच्या सोमवारच्या प्रात्यक्षिकापर्यंत तशीच ठेवली तर ती वाचण्याच्या लायकीची राहत नाही. साध्या इन्क्युबेटरला तापवता येते, थंड करता येत नाही, आणि मार्चनंतर सोलापूरच्या खोलीचे तापमानच त्या अठ्ठावीस अंशांच्या पुष्कळ वर असते. त्यामुळे हे काम पावसाळ्याच्या सत्रातच बसवावे लागले, जेव्हा बागेत रोग असतो आणि खोलीचे तापमानही जीवाणूला मानवते. प्लेट वाचण्यासाठी मुलांनी आपापसांत पाळ्या लावल्या. जी मुले गावाहून एसटीने येतात आणि शेवटच्या गाडीला बांधलेली असतात त्यांना दुपारच्या पाळ्या दिल्या, शहरातील मुलांनी उशिराच्या घेतल्या. वाचायला कोणी येऊच शकत नसेल त्या दिवशी प्लेट फ्रिजमध्ये चार अंशांना ठेवायची आणि तसे वहीत लिहायचे, हेही ठरले. प्रयोगशाळेतील मामांनी या पाळ्यांचा तक्ता दारावर लावला आणि कोणाची पाळी चुकली तर त्याला व्हरांड्यात गाठून सांगण्याचे काम स्वतःहून घेतले. त्यांच्याशिवाय हा उपक्रम पहिल्या महिन्यातच बंद पडला असता, हे मी मनापासून लिहिते आहे.

जीवाणू वेगळा करण्याचा टप्पा मला वाटला होता त्याहून कितीतरी अधिक शिकवणारा निघाला. डाग पडलेल्या पानाचा डाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरचा तुकडा घ्यायचा, वरून निर्जंतुक करायचा, निर्जंतुक पाण्यात चिरडायचा आणि प्लेटवर रेषा ओढायच्या. प्लेटवर पिवळ्या वसाहती अनेक आल्या, परंतु पानावर राहणारे पिवळे जीवाणू पुष्कळ असतात आणि पिवळा रंग म्हणजे तेल्या असे म्हणता येत नाही. कोखचे निकष, म्हणजे अमुक जीवाणूच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करण्याच्या कसोट्या, मुलांनी दुसऱ्या वर्षी पाठ केले होते. आता त्यांची गरज पडली. निरोगी पाने तोडून, ओलसर ठेवून, त्यांच्यावर वेगळा केलेला जीवाणू टोचायचा, शेजारी केवळ पाणी टोचलेले पान ठेवायचे, आणि डाग उमटला तर त्यातून तोच जीवाणू परत मिळतो का ते पाहायचे. काही गटांच्या वसाहतींनी काहीच केले नाही. ‘मॅडम, आमचा कल्चर चुकला का?’ असे एका गटाने विचारले, तेव्हा चुकला असे मी म्हटले नाही. तो जीवाणू तेल्याचा नाही एवढे तुम्ही सिद्ध केले आहे, आता पुढचे ठरवा, असे सांगितले. ज्या मुलीच्या घरची बाग होती ती या टप्प्यावर वर्गाची मार्गदर्शक झाली. कोवळ्या पानावरचा डाग आणि जुन्या पानावरचा डाग, तेल्या आणि बुरशीचा ठिपका, यांतील फरक ती लांबून ओळखत असे. एरवी व्हायवाला शब्द न फुटणारी ही विद्यार्थिनी वर्गाला झाडाजवळ उभी राहून शिकवत होती.

फाजांचा शोध बागांमधील मातीत, गळून पडलेल्या रोगट पानांत आणि फळांत सुरू झाला. प्रत्येक गटाची बाग वेगळी, आणि प्रत्येक गटाने रोग नसलेल्या जागेचाही नमुना आणायचाच. मातीचे द्रावण, दुप्पट तीव्रतेचा ब्रॉथ, म्हणजे पोषक द्रव, आणि वाढीच्या ऐन भरात असलेला जीवाणू एकत्र करून शेकरवर ठेवायचे, नंतर सेंट्रिफ्यूज करून क्लोरोफॉर्म घालायचा. जीवाणू गाळून काढणारे 0.22 मायक्रॉनचे फिल्टर प्रत्येक नमुन्याला परवडत नाहीत. क्लोरोफॉर्मने काम भागते, पण ज्या फाजांच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात ते त्याने मरतात, म्हणजे आमच्या शोधातून काही प्रकार आधीच वगळले जात आहेत, हे प्रत्येकाने आपल्या वहीत पद्धतीच्या मर्यादा म्हणून लिहिले. पंचेचाळीस अंशांवर वितळलेल्या मऊ अगारमध्ये जीवाणू आणि फाज मिसळून ते गोठण्याआधी प्लेटवर पसरवणे हे कसब हाताला यायला वेळ लागला.

सुरुवातीच्या प्लेटवर जे दिसले ते प्लाक आहेत की नाहीत यावर बराच वाद झाला, कारण कडा धूसर होत्या. त्यातच एका गटाच्या प्लेटवर वर्तुळे स्वच्छ उमटली. त्यांच्या वहीत पाहिले तर त्या दिवशी त्यांनी ग्लुकोज न घातलेले साधे न्यूट्रिएंट अगार वापरले होते. साखर मिळाली की झँथोमोनास भरपूर चिकट बहुशर्करा तयार करतो; आइस्क्रीम आणि सॉस घट्ट करण्यासाठी जो झँथन गम वापरतात तो याच कुळातील जीवाणूपासून मिळतो. चिकट थर कमी झाल्यामुळे प्लाक स्वच्छ दिसले असावेत, असा अंदाज वर्गाने बांधला. अंदाजावर थांबू नका, असे मी सांगितल्यावर त्यांनी एकाच फाजाच्या प्लेट ग्लुकोजच्या निरनिराळ्या प्रमाणांवर ओतल्या, प्लेटवर केवळ सांकेतिक क्रमांक घातले आणि मोजणी दुसऱ्या गटाकडून करून घेतली. फरक टिकला. त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेची पद्धत बदलली, आणि ती विद्यार्थ्यांनी बदलली. अनेक वर्षे मी नियंत्रक नमुना, पुनरावृत्ती, अनभिज्ञ मोजणी हे शब्द फळ्यावर लिहीत आले. त्या आठवड्यात मात्र ते मला उच्चारावेही लागले नाहीत.

सगळ्यांना फाज मिळाले नाहीत. काही गटांच्या प्लेट सत्राच्या शेवटपर्यंत कोऱ्याच राहिल्या, आणि या ठिकाणी गुणांचा प्रश्न उभा राहिला. फाज मिळालेल्याला अधिक गुण दिले असते तर जुनीच उतरवाउतरवी नव्या वेशात परत आली असती. म्हणून अंतर्गत मूल्यमापनाचे सूत्र मी सत्राच्या आरंभीच लेखी दिले होते: परिणामाला गुण नाहीत. गुण आहेत ते नोंदीला, नियंत्रक नमुन्यांना, आणि आजच्या निरीक्षणावरून उद्याची पायरी का निवडली याच्या कारणाला. सुट्या पानांच्या जर्नलऐवजी बांधीव वही, पानांवर आधीच क्रमांक, पान फाडायचे नाही, पांढरी शाई लावायची नाही, चुकले तर एक रेघ मारून शेजारी तारीख घालायची. सुरुवातीला मुलांना ही वही फार घाणेरडी वाटली, कारण बारावीपासून त्यांना सुबक जर्नलचे कौतुक ऐकायची सवय होती. त्या सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांपैकी एका गटाची एकही प्लेट फाज दाखवत नव्हती. त्या गटाने ज्ञात फाज मुद्दाम मातीत मिसळून तो आपल्या पद्धतीने परत मिळतो हे दाखवले, आणि म्हणून आपल्या बागेतील कोरी प्लेट ही पद्धतीची चूक नाही, निदान एका मर्यादेखाली फाज नाहीत असे तिच्यावरून म्हणता येते, असा निष्कर्ष काढला. पदवीच्या विद्यार्थ्याकडून यापेक्षा चांगला युक्तिवाद मी ऐकलेला नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षकांनी याच गटाला वही उघडून विचारले की निष्कर्ष ‘फाज आढळले नाहीत’ असा कसा चालेल. मुलांनी वरचा युक्तिवाद शांतपणे मांडला. परीक्षकांनी आणखी खोलात जाऊन मातीचा सामू, साठवणुकीचा काळ, क्लोरोफॉर्मचा परिणाम यांविषयी प्रश्न केले आणि ती चर्चा ठरलेल्या वेळेच्या बाहेर गेली.

पदवी अभ्यासक्रमात संशोधन आणण्याविषयीच्या लेखनात 2014 साली अशा प्रात्यक्षिकांची पाच लक्षणे मांडली गेली आणि ती पुढे सर्वत्र उद्धृत होत गेली: वैज्ञानिक पद्धतींचा प्रत्यक्ष वापर, अज्ञाताचा शोध, वर्गाबाहेर कोणाला तरी उपयोगी पडणारा प्रश्न, सहकार्य आणि पुनरावृत्ती. यांतील पुनरावृत्तीला आपल्या वेळापत्रकात सर्वांत कमी जागा आहे असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे एक प्रात्यक्षिक एकदाच होते, मग ते बिघडो वा साधो, पुढच्या आठवड्यात पुढचे. मी सत्राचे शेवटचे काही आठवडे कोणतेही नवीन तंत्र न शिकवता केवळ फिरून करण्यासाठी मोकळे ठेवले, आणि त्यासाठी अगोदरच्या आठवड्यांत दोन-दोन छोटी प्रात्यक्षिके एकत्र केली. प्लाकमधून फाज उचलून तो पुन्हा पुन्हा शुद्ध करणे, तीस ते तीनशेच्या दरम्यान प्लाक असलेलीच प्लेट मोजणे, एका गटाचा फाज दुसऱ्या गटाच्या जीवाणूवर टाकून पाहणे, हे सर्व त्या मोकळ्या आठवड्यांत झाले. शेवटच्या कामातून एक मोठा तक्ता तयार झाला, उभ्या ओळीत बागांचे जीवाणू आणि आडव्या ओळीत फाज. काही फाज बहुतेक सर्व जीवाणूंना मारत होते, काही केवळ आपल्याच बागेतील जीवाणूला. तो तक्ता कोणा एका गटाचा नव्हता, आणि एकाचीही नोंद विश्वासार्ह नसेल तर सगळा तक्ता लंगडा पडतो हे सर्वांना कळत होते, त्यामुळे दुसऱ्याची वही तपासण्याचे काम मुले माझ्यापेक्षा कडकपणे करू लागली.

बागा देणाऱ्या शेतकऱ्यांना निष्कर्ष सांगणे हे मी कामाचाच भाग मानला. ‘मग औषध कधी देताय?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक होते, आणि त्याचे उत्तर मुलांनीच द्यावे असे ठरले. काचेतील प्लेटवर जीवाणू मरणे आणि झाडावर रोग आटोक्यात येणे यांत मोठे अंतर आहे; उन्हातील अतिनील किरणांनी फाज लवकर निष्क्रिय होतात; जीवाणूही फाजाला दाद न देणारा होऊ शकतो; आणि फवारणीचे औषध बाजारात येण्यापूर्वी क्षेत्रचाचण्या व नोंदणी लागते. हे सगळे साध्या मराठीत सांगताना मुलांना जे श्रम पडले ते कोणत्याही सेमिनारपेक्षा अधिक होते. एका वयस्कर बागायतदारांनी विचारले, ‘पोरांनो, आम्ही मोरचूद-चुना मारतो, त्यानं तुमचा हा विषाणू मरत नाही का?’ आमच्यापैकी कोणीही हा प्रश्न स्वतःला विचारलेला नव्हता. शोधल्यावर कळले की टोमॅटोच्या पानांवर तांब्याने फाजांचे प्रमाण घटते असे संशोधन आहे. डाळिंबावर, आमच्या फाजांबाबत, ते तपासायला हवे होते, आणि पुढच्या बॅचचा प्रश्न तिथेच ठरला.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सची वाट आहे, परंतु ती चौथ्या वर्षी उघडते आणि पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांसाठीच. या व्यवस्थेला माझा विरोध नाही. मात्र आमच्या वर्गातील ज्या विद्यार्थिनीने डाग ओळखायला शिकवले तिला 75 टक्के नव्हते, आणि ज्या गटाने कोऱ्या प्लेटचा अर्थ लावला त्यातील दोघांना मागील सत्रात विषय राहिला होता. प्रात्यक्षिक सर्वांना सक्तीचे असते, त्यामुळे जे संशोधन प्रात्यक्षिकात येते ते वर्गातील प्रत्येकापर्यंत पोहोचते. निवडीच्या चाळणीतून गळणारी मुलेही त्यात असतात. अभ्यासमंडळाकडे मी जी लेखी सूचना पाठवली आहे ती एवढीच आहे की प्रात्यक्षिकांच्या यादीत कमीत कमी एक सलग, अनेक आठवड्यांचे, अज्ञात उत्तराचे प्रात्यक्षिक असावे, त्याचा विषय महाविद्यालयाने आपल्या परिसरातून निवडावा, आणि त्याच्या गुणांत परिणामाला स्थान नसावे.

या पावसाळ्यातील बॅच बोर्डो मिश्रणावर काम करते आहे. मागच्या बॅचने फ्रिजमध्ये ठेवलेल्या फाजांच्या नळ्या त्यांनी प्रथम स्वतः मोजून घेतल्या, काहींची संख्या वहीतील आकड्यापेक्षा बरीच कमी भरली, आणि ती साठवणुकीत घटली की आधीची मोजणीच अधिक होती हे ठरवण्यासाठी त्यांनी मागच्या वर्षीच्या मुलांना फोन करून त्या तारखेच्या नोंदीविषयी विचारणा केली आहे.